टाळेबंदी : गिरणीची आणि घराची

सोलापुरात पत्रकारिता शिकणाऱ्या एका मुलीने ऐंशीच्या दशकातली कात्रणे चाळताना टाळेबंदीचा दुसरा महिना सुरू झाल्याची बातमी वाचली आणि त्या वर्षी कोणती साथ आली होती, असे सहज विचारले. तिला दोष देता येत नाही. 2020 मध्ये लॉकडाऊनसाठी मराठी वृत्तपत्रांनी हाच शब्द उचलला आणि ज्यांनी तो पहिल्यांदा तेव्हाच वाचला, त्यांच्यासाठी त्याचा जुना अर्थ जणू उरलाच नाही.

जुनी टाळेबंदी म्हणजे लॉकआउट. 1947 च्या औद्योगिक विवाद अधिनियमातील व्याख्येप्रमाणे मालकाने कामाची जागा तात्पुरती बंद ठेवणे, काम स्थगित करणे किंवा कितीही कामगारांना कामावर ठेवण्यास नकार देणे, या तिन्ही गोष्टी तीत येत. संप कामगारांचा आणि टाळेबंदी मालकाची, ही विभागणी जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावे ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला कोणी समजावून सांगावी लागत नसे. बातमीदारालाही त्या शब्दाबाबत सैल राहणे परवडणारे नव्हते, कारण पगाराचा प्रश्न त्यात अडकलेला असे. संप बेकायदा ठरला तर त्या दिवसांच्या वेतनावर पाणी सोडावे लागे. टाळेबंदी बेकायदा किंवा असमर्थनीय ठरली तर वेतनाचा हक्क कामगाराकडे येई. त्यामुळे एकाच बंद फाटकाबद्दल व्यवस्थापन ‘बेकायदा संप’ म्हणे आणि युनियन ‘अघोषित टाळेबंदी’ म्हणे. दोन्ही शब्द अवतरणचिन्हांत ठेवून पुढे जाणारा बातमीदार माझ्या मते सावध होता, पण पुरेसा मेहनती नव्हता. फाटकावर चिकटवलेली नोटीस वाचली की पुष्कळसा उलगडा होई. महाराष्ट्रात 1971 च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियमाखाली टाळेबंदीची विहित नमुन्यातली 14 दिवसांची नोटीस आवश्यक होती. खाली सही कोणाची, तारीख कोणती आणि कारण काय दिले आहे, यावरून बातमीचा पहिला परिच्छेद ठरत असे.

ऐंशीच्या दशकाची आठवण 18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाने व्यापलेली आहे. त्यामुळे ते सगळे दशक संपांचेच होते, असा समज होतो. प्रत्यक्षात दशकाच्या अखेरीस देशभरात संपांपेक्षा टाळेबंदीमुळे बुडालेले मनुष्यदिवस, म्हणजे कामगारांचे कामाचे एकूण दिवस, जास्त होते. कात्रणांत हा शब्द वारंवार भेटतो, त्याचे कारण हेच आहे.

2020 ची टाळेबंदी सरकारची होती. 24 मार्चच्या रात्री जाहीर झालेला 21 दिवसांचा देशव्यापी लॉकडाऊन 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाखाली लागू झाला. त्यात मालक आणि कामगार यांच्यात तंटा नव्हता. दोघांवरही बंदी होती. पहिल्या टाळेबंदीत कुलूप कारखान्याला लागते आणि कामगार बाहेर राहतो, दुसरीत तो घराच्या आत राहतो. पगाराचा प्रश्न मात्र इथेही सुटला नाही. वेतनात कपात करू नये, हा केंद्राचा 29 मार्चचा आदेश 18 मेपासून मागे घेतला गेला आणि 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी वाटाघाटी कराव्यात, असे सांगितले.

सोलापुरात हे आत-बाहेर तितके स्वच्छ राहत नाही. विडी वळणाऱ्या बाईचे घर हेच तिचे काम करण्याचे ठिकाण असते. कारखान्यातून पान-तंबाखू आणायचा, उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन हजार विड्या वळायच्या आणि त्या परत नेऊन द्यायच्या. तिच्या बाबतीत कारखान्याचे कुलूप मालकाने लावले काय किंवा सरकारी आदेशाने लागले काय, सूप रिकामेच राहते. फरक पडतो तो पुढे, दाद कोणाकडे मागायची या ठिकाणी : पहिल्या वेळी कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडे आणि दुसऱ्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांकडे.

कार्यालयाला आंदोलकांनी ‘टाळे ठोकणे’ हा तिसराच प्रकार आहे आणि संचारबंदी किंवा जमावबंदी हे फौजदारी प्रक्रियेतले आदेश आहेत, तरी 2020 मध्ये एकाच बातमीत हे शब्द एकमेकांच्या जागी आलेले दिसतात. लॉकडाऊनला ‘लॉकडाऊन’च म्हणणारी वृत्तपत्रे तेव्हा आळशी वाटली होती, आता वाटते की त्यांनी एक जुना, नेमका शब्द वाचवला. कारण कायमच्या बंदीसाठी आपल्याकडे ‘गिरणी बंद पडली’ असे, ती कोणी बंद केली ते न सांगणारे वाक्य आधीपासून होतेच, टाळेबंदी या शब्दात मात्र टाळे लावणारा हात दिसत असे. त्या मुलीने मग कात्रण पुन्हा वाचले, तेव्हा दुसऱ्याच ओळीत तिला ‘व्यवस्थापनाने’ हा शब्द सापडला.