रक्त बदलतं, हाड नाही

संक्रांतीला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी भाचरं जमली की गल्लीत शर्यत ठरलेली. आमच्या फाटकापासून मारुतीच्या देवळापर्यंत. नऊ वर्षांची असताना माझी भाची तिच्या मामेभावाला दरवेळी हरवायची आणि तो रडत आजीकडे जायचा. दोघं एकाच वयाची. यंदा दोघांनाही पंधरावं लागलंय. तो पंधरा पावलं पुढे होता, आणि देवळाशी पोचून चक्क उभा राहून तिळाची वडी खात होता.

भाची शाळेच्या टीममधून हॉकी खेळते. मध्य प्रदेशची महिला हॉकी अकादमी २००६ पासून ग्वाल्हेरातच आहे, त्यामुळे इथल्या पोरींच्या डोळ्यांसमोर ते स्वप्न असतंच. रात्री पानावर बसल्यावर ती म्हणाली, "मावशी, उद्या हा म्हणाला की मी मुलगी आहे, आणि गोळ्या घेतल्या, तर आमच्या टीममध्ये चालेल?" तो चिडला. आजी म्हणाली, "जेवताना काय हे!" प्रश्न खवचटपणे विचारला होता. शर्यत जिंकण्यासाठी कुणी आयुष्यभराची हेटाळणी पत्करत नाही, हे तिला आधी सांगितलं. पण त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न मात्र खरा आहे: गोळ्या घेतल्यावर शरीर कितपत मागे फिरतं?

आधी ती पंधरा पावलं कुठून आली ते पाहू. वयात येईपर्यंत मुलगे आणि मुली यांच्या धावण्या-पोहण्यात फरक किरकोळच असतो. बारा-तेराव्या वर्षापासून तो रुंदावत जातो आणि विशीच्या आत स्थिरावतो. करणारं संप्रेरक टेस्टोस्टेरॉन. प्रौढ पुरुषांच्या रक्तात ते लिटरमागे साधारण ८ ते २९ नॅनोमोल असतं, बहुतेक स्त्रियांत २ च्या खाली. उंचीचं तसं नाही; उंच बायका आणि बुटके पुरुष आपल्या घरातही असतात. इथे मात्र मधला पट्टा जवळजवळ रिकामा आहे. त्या जोरावर मुलग्याची हाडं लांब आणि जाड होतात, खांदे रुंदावतात, रक्तातलं हिमोग्लोबिन सुमारे बारा टक्क्यांनी जास्त राहतं. स्नायूंचा फरक सगळीकडे सारखा नसतो: बायकांचा कमरेखालचा स्नायुभार पुरुषांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, कमरेवरचा चाळीस टक्क्यांनी.

म्हणून खेळागणिक दरी वेगळी. पुरुषांचे आणि स्त्रियांचे विश्वविक्रमच पाहा. शंभर मीटरमध्ये बोल्टचे ९.५८ सेकंद आणि ग्रिफिथ-जॉयनरचे १०.४९, म्हणजे साडेनऊ टक्के. लांब उडीत ८.९५ मीटर आणि ७.५२ मीटर, सोळा टक्के. पण १५०० मीटर पोहण्यात फिंकेने २०२४ मध्ये घेतलेली १४ मिनिटं ३०.६७ सेकंद आणि लेडेकीची २०१८ ची १५ मिनिटं २०.४८ सेकंद यांत सहा टक्केही नाहीत. दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात. अंतिम फेरीत पहिली आणि आठवी यांच्यातही एवढं अंतर क्वचितच पडतं.

आता गोळ्या. पारलिंगी स्त्रीने, म्हणजे जन्मताना मुलगा म्हणून नोंदल्या गेलेल्या पण स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तीने, टेस्टोस्टेरॉन दाबणारी औषधं आणि इस्ट्रोजेन सुरू केलं की सगळ्यात आधी रक्त बदलतं. तीन-चार महिन्यांत हिमोग्लोबिन स्त्रियांच्या पातळीवर येतं. स्नायू मात्र सावकाश उतरतात, वर्षभरात जेमतेम पाच टक्के. आणि हाडं? वाढ पूर्ण झाल्यावर त्यांची लांबी आखडत नाही. उंची, हाताचा पल्ला, पंजा, ठेवण, सगळं तसंच.

मग मैदानात काय दिसतं? अमेरिकी हवाई दलातल्या पारलिंगी स्त्रियांच्या तंदुरुस्ती चाचण्यांच्या नोंदी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. उपचारांपूर्वी त्या दलातल्या इतर स्त्रियांपेक्षा जोर सुमारे एकतीस टक्के जास्त काढत. दोन वर्षांत ती आघाडी संपली. दीड मैल धावण्यात मात्र आधीची एकवीस टक्क्यांची आघाडी दोन वर्षांनीही बारा टक्के उरली होती. ते सैनिक होते, खेळाडू नव्हेत, आणि सराव कुणी किती केला हे कोण सांगणार? २०२४ च्या एका अभ्यासात खेळणाऱ्या पारलिंगी स्त्रियांची हाताची पकड इतर खेळाडू स्त्रियांपेक्षा जास्त निघाली, पण जागच्या जागी उंच उडी कमी आणि वजनाच्या मानाने प्राणवायू वापरण्याची क्षमताही कमी. चेसिस ट्रकची आणि इंजिन टेम्पोचं, असं काहीसं. म्हणजे जिथे पल्ला आणि पकड कामाला येते तिथे फायदा, जिथे स्वतःचं वजन उचलायचं तिथे कदाचित तोटाच. "फायदा" हा एकच शब्द वापरून भांडणारे दोन्ही बाजूंचे लोक मला म्हणूनच कंटाळवाणे वाटतात.

भाच्याने लगेच मनगट पुढे केलं. पकडीबद्दल जर्मनीतली एक जुनी मोजणी मला आठवते: जूडो, हँडबॉल असे पकडीचे खेळ खेळणाऱ्या अव्वल मुलीही न खेळणाऱ्या तरुणांच्या मधल्या रेषेच्या वर क्वचितच गेल्या. भाचीचा चेहरा उतरला. पण स्त्रियांचा वेगळा गट असतो तो याचसाठी.

मात्र या गटाचं कुंपण राखताना आजवर काटे रुतले ते बहुतेक वेळा पारलिंगी नसलेल्यांना. धावपटू शांती सौंदराजनचं २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेतलं ८०० मीटरचं रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेतलं गेलं. धावपटू द्युती चंदला २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर, टेस्टोस्टेरॉन नियमापेक्षा जास्त म्हणून वगळलं. क्रीडा लवादाने पुढच्या वर्षी तो नियमच स्थगित केला, कारण पुरावा अपुरा होता. दोघीही मुली म्हणूनच जन्मल्या, वाढल्या. स्पेनची अडथळा-धावपटू मार्टिनेझ-पातिन्यो १९८५ मध्ये जपानात कोबेच्या स्पर्धेत गुणसूत्रांच्या चाचणीत अडकली. तिच्या पेशींत वाय गुणसूत्र होतं, पण टेस्टोस्टेरॉनला शरीर दादच देत नव्हतं. पत्र घरी येतंय, पण वाचणारं कुणी नाही! तिला १९८८ मध्ये परत घेतलं, तोवर उमेदीची वर्षं गेली. सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटना स्त्रीगटासाठी एसआरवाय जनुक, म्हणजे वाय गुणसूत्रावरचं पुरुषी जडणघडण सुरू करणारं जनुक, तपासते, गालाच्या आतून पुसून किंवा रक्तातून, आयुष्यात एकदा. पातिन्योसारख्या पूर्ण असंवेदनशील शरीरांना आता सूट आहे. तरी जनुक असणं आणि त्याचा परिणाम शरीरावर झालेला असणं या दोन गोष्टी एक धरल्या की काय होतं, ते कोबेला दिसलंच.

पारलिंगी स्त्रियांबद्दल पोहण्याच्या संघटनेने जून २०२२ मध्ये आणि ॲथलेटिक्सने मार्च २०२३ मध्ये रेघ ओढली: पुरुषी वयात येणं पार झालेलं असेल, तर जागतिक स्त्रीगटात प्रवेश नाही. उड्या, फेक, वजन उचलणं यांत हाडांचा हिशेब पाहता मला हे पटतं. वेगळा खुला गट हा उपाय मात्र कागदीच ठरला. २०२३ मध्ये बर्लिनच्या पोहण्याच्या विश्वचषकात तो ठेवला आणि एकही नाव आलं नाही. आणि २०२१ मध्ये टोकियोला न्यूझीलंडची पारलिंगी वेटलिफ्टर लॉरेल हबर्ड, त्रेचाळिसाव्या वर्षी, तीनपैकी एकही वजन नियमात उचलू शकली नाही, हेही नोंदवायला हवं. एका उदाहरणाने ना इकडचं सिद्ध होतं ना तिकडचं. तिच्यावर महिनाभर गदारोळ करणाऱ्यांना ते कुणी सांगितलं नसावं.

"आणि शाळेत?" भाचीने पुन्हा विचारलं.

मी म्हटलं, ऑलिंपिकचा नियम शाळेच्या मैदानाला लावणं म्हणजे लिंबू-चमच्याच्या शर्यतीत उत्तेजकाची चाचणी. ती थोडा वेळ बोटांवर मोजत बसली. यंदा त्यांच्या टीमला अकरा मुलीच मिळत नाहीयेत, नऊवर गाडी अडलीय.

"कुणीही आली तरी चालेल मग," ती म्हणाली, "फक्त गोलकीपिंग करायला तयार हवी."