'हिमराणी' १९५७: देव काढून टाकला आणि गेर्डा उभी राहिली

'स्नेझ्नाया करालेवा', म्हणजे हिमराणी. मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्म स्टुडिओचा १९५७ चा कार्टून पिक्चर, तासाभराचाच आहे. याच्याबद्दल कुठेही वाचा, 'रशियन डिस्ने' असं लिहून लोक मोकळे होतात आणि ते मला पटत नाही, कारण याची खरी गंमत कळायला तो कुठल्या काळात आणि कोणी बनवला हे आधी बघावं लागतं.

मूळ गोष्ट हान्स ख्रिश्चन अँडरसनची, १८४४ ची. जादूच्या आरशाचा तुकडा लागून काय नावाच्या मुलाचं काळीज गोठतं, हिमराणी त्याला घेऊन जाते आणि त्याची मैत्रीण गेर्डा त्याला शोधायला निघते. ती पक्की ख्रिस्ती गोष्ट आहे. आरसा सैतानाने बनवलेला, गेर्डा अडचणीत आली की प्रार्थना म्हणते आणि थंडीत तिच्या श्वासाची वाफ होते त्या वाफेतून चक्क देवदूत तयार होऊन तिच्यासाठी लढतात. आता सोव्हिएत स्टुडिओत हे चालणारच नव्हतं, सैतान, प्रार्थना, देवदूत सगळं गेलं. मग उरलं काय? एक अनवाणी पोरगी आणि तिचं चालत राहणं. मला वाटतं गोष्ट इथेच मूळापेक्षा जास्त भिडायला लागली. आरसा आता राणीचाच झाला. तो मुलगा, काय, घरात बसून फुशारकी मारतो की राणी आली तर तिला शेगडीवर बसवीन, वितळून जाईल, ते ती आरशात ऐकते आणि रागाने आरसाच फोडते. अँडरसनकडे शेवटी गेर्डा महालात पोचते तेव्हा राणी घरीच नसते, गरम देशांकडे गेलेली असते. पिक्चरमध्ये मात्र दोघी समोरासमोर येतात, ती एवढीशी पोर राणीला सरळ निघून जा म्हणते आणि राणी खरंच जाते.

पटकथेवर तीन नावं आहेत, गेओर्गी ग्रेबनेर, स्वतः दिग्दर्शक लेव्ह अतामानोव्ह आणि निकोलाय एर्दमान. यातला एर्दमान म्हणजे मोठा नाटककार, त्याच्या 'आत्महत्या' नाटकावर बंदी आली, १९३३ मध्ये त्याला अटक झाली आणि सैबेरियात येनिसेय्स्कला धाडलं. पुढे त्याने कार्टूनच्या पटकथा भरपूर लिहिल्या. गोठलेल्या काळजाची गोष्ट लिहिणाऱ्यात असा माणूस होता, आणि पिक्चर आला तोही स्टालिन जाऊन चार वर्षं झाल्यावर, वातावरण जरा सैल झालं होतं तेव्हा. हे लक्षात ठेवून बघाल तर बर्फाचा महाल वेगळाच दिसतो.

अतामानोव्हने याआधी १९५४ मध्ये 'सोनेरी हरिणी' केला होता, तो तर भारतीय लोककथांवरूनच, राजा-हत्ती सगळं त्यात आहे. दोन्ही पिक्चरचे कला दिग्दर्शक तेच, लिओनिद श्वार्त्समन आणि अलेक्सांद्र विनोकुरोव्ह.

तेव्हा स्टुडिओत 'एक्लेर' पद्धत जोरात होती, म्हणजे खऱ्या नटाचं शूटिंग करायचं आणि त्यावरून फ्रेम फ्रेम गिरवायची. राणीची चाल ताठ, हळू आणि माणसासारखी दिसते ती त्यामुळे. बाकीची पात्रं हाताने मोकळी काढलेली, त्यामुळे ती लवचिक, आणि या फरकामुळेच राणी त्यांच्यात परकी वाटते. गोष्ट सांगणारा बुटका ओले लुकोये अँडरसनच्याच दुसऱ्या कथेतून उचललाय, त्याचं अ‍ॅनिमेशन केलं फ्योदोर खित्रुकने, ज्याने पुढे १९६९ ला रशियन विनी द पूह केला. गेर्डाचा आवाज यानिना झेइमोचा, १९४७ च्या सिंड्रेलातली नायिका, तोवर चाळिशी पार केलेली, पण ऐकताना अजिबात कळत नाही.

आणि दरोडेखोराची पोरगी! सगळ्या पिक्चरमधलं माझं सगळ्यात आवडतं पात्र. बांधून ठेवलेल्या प्राण्यांवर दादागिरी करणारी, आणि गेर्डाला रेनडियर देऊन वाटेला लावल्यावर बाकीच्या प्राण्यांनाही ओरडून ओरडून हाकलते आणि रडायला लागते. तो सीन नीट बघा, राग आणि रडू एकाच चेहऱ्यावर आहे.

१९५७ ला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात बक्षीस, पुढच्या वर्षी फ्रान्सच्या कान महोत्सवात, १९५९ ला युनिव्हर्सलने इंग्रजी डबिंग करून अमेरिकेत लावला. पण सगळ्यात मोठा परिणाम झाला तो जपानमध्ये. पुढे जपानचा मोठा अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक झालेला हायाओ मियाझाकी १९६३ मध्ये तोएई या कार्टून स्टुडिओत लागला, हे काम पुढे करावं की नाही अशा मनःस्थितीत होता, तेवढ्यात युनियनच्या शोमध्ये त्याने हिमराणी पाहिला आणि तो टिकला. हे त्याने स्वतः सांगितलंय. २००७ ला मियाझाकीच्याच घिबली स्टुडिओच्या म्युझियमने तो जपानी थिएटरांत परत आणला, आणि तेव्हा श्वार्त्समन हयात होते, ते गेले २०२२ ला, वयाच्या १०१ व्या वर्षी.