राक्षसाचे आजोळ

बोरिस कार्लोफ म्हटले की सपाट टाळूचा, मानेत खिळे असलेला 'फ्रँकेन्स्टाइन'मधला राक्षस डोळ्यांपुढे येतो. या नटाच्या आजोळचा धागा आपल्या नगरपर्यंत पोचतो, हे मात्र इकडे फारसे कुणाला ठाऊक नाही.

त्याचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म लंडनचा, १८८७ सालचा. त्याच्या आईचे लग्न १८६४ मध्ये सुरतेला झाले होते. आईची आई ही अ‍ॅना लिओनोवेन्सची सख्खी बहीण. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजवाड्यात मुलांना शिकवणारी ती प्रसिद्ध अ‍ॅना १८३१ मध्ये अहमदनगरला, कंपनीच्या फौजेतल्या एका शिपायाच्या घरी जन्मली. म्हणजे ती कार्लोफची मावसआजी. आपला जन्म वेल्समधला, असे ती जन्मभर सांगत राहिली. घराण्यात हिंदी रक्त असल्याचे उघड होणे त्या काळात महागात पडले असते. सावळ्या वर्णाच्या या नातवानेही पुढे नाव बदलले आणि मूकपटांत अरब, हिंदी अशा परक्या माणसांच्या छोट्या भूमिका केल्या. एकाच घरातल्या दोन पिढ्यांना आपली ओळख नव्याने रचावी लागली, याचे मला फार वाईट वाटते.

१९०९ मध्ये तो कॅनडाला गेला. फिरत्या नाटक कंपन्या, मग हॉलिवूड, आणि काम नसेल तेव्हा मजुरी, ट्रक चालवणे. अशी वीसेक वर्षे गेली. १९३१ मध्ये दिग्दर्शक जेम्स व्हेलने 'फ्रँकेन्स्टाइन'साठी त्याला हेरले तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता.

मेकअपमन जॅक पीअर्स रोज सुमारे चार तास त्याचा चेहरा रंगवत असे. गाल खोल दिसावा म्हणून कार्लोफ तोंडातली कवळी काढून ठेवी. पापण्यांवर मेणाचा थर चढवला की डोळे अर्धवट मिटलेले, झोपेतून नुकतेच उठल्यासारखे दिसत. सुरुवातीच्या नामावलीत त्याच्या नावाच्या जागी नुसते प्रश्नचिन्ह होते! संवाद एकही नाही, फक्त गुरगुर. तरीही छपरातून उजेड येतो आणि राक्षस दोन्ही हात वर करून तो धरायला बघतो, तेव्हा भीती मागे पडते आणि पोटात कालवते. हे अभिनयाचे यश आहे, मेकअपचे नव्हे.

या चित्रपटात नायकाला उचलून नेण्याचे दृश्य पुन्हापुन्हा करावे लागले आणि त्याची पाठ कायमची दुखावली. त्या काळी नटांच्या कामाला तासांचे बंधनच नव्हते. १९३३ मध्ये चित्रपट-नटांची संघटना उभी राहिली, तेव्हा तो पहिल्या मूठभर सभासदांत होता. त्याचा सभासद क्रमांक ९.

'द ममी' १९३२ मध्ये आला. राक्षस त्याने आणखी दोनदा केला, १९३५ आणि १९३९ मध्ये. त्यानंतर फ्रँकेन्स्टाइन-मालिकेत ती भूमिका दुसऱ्या नटांकडे गेली. १९६८ च्या 'टार्गेट्स'मध्ये त्याने थकलेल्या, निवृत्त होऊ पाहणाऱ्या भयपट-नटाचे काम केले. पुढच्याच वर्षी, २ फेब्रुवारीला, इंग्लंडमध्ये त्याचे निधन झाले.