दीपगृह, कॅमेरा आणि मधली खारी हवा

शनिवार-रविवारी ताम्हिणी उतरून कोकणात फोटो काढायला जाणाऱ्या पुणेकरांची एक तक्रार नेहमी ऐकू येते. सिंहगडावरून मिळतात तसे खोल रंग समुद्रावर मिळत नाहीत. कॅमेरा तोच, लेन्सही तीच. फरक पडतो तो हवेमुळे.

लाट फुटते तेव्हा तिच्या फेसातले बुडबुडे मिठाचे अतिसूक्ष्म कण हवेत उडवतात. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मिठाचा कोरडा कण बाष्प शोषून स्वतःच त्यात विरघळतो आणि फुगतो. हवेचे रेणू ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाच्या जवळपास सहापट विखुरतात, म्हणून आकाश निळं. हे फुगलेले थेंब मात्र सगळेच रंग थोड्याफार फरकाने सारखे विखुरतात. क्षितिजावरचा दुधी पडदा तो हाच.

त्यांची आणखी एक खोड फोटोग्राफरने लक्षात ठेवावी. असे कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने फेकतात. त्यामुळे सूर्याकडे तोंड केलं की पडदा उजळतो, सूर्य पाठीशी घेतला की तोच पडदा जवळजवळ विरतो. आपला किनारा पश्चिमेचा. संध्याकाळी सूर्य समोर आणि दुपारपासून वाहणारे खारे वारे दमट हवा आणत असतात. हिवाळ्यातल्या सकाळी सूर्य पाठीशी आणि रात्रभर जमिनीवरून आलेले मतलई वारे त्यामानाने कोरडे. म्हणून दीपगृहाचे रंग आणि दगडाचा पोत हवा असेल तर सगळी गर्दी सूर्यास्ताला का करावी, हे मला खरंच कळत नाही. कोर्लईसारख्या ठिकाणी मात्र थोडं थांबावं लागतं, कारण किल्ल्याच्या टेकडीआडून ऊन दीपगृहापर्यंत उशिरा पोचतं.

सूर्यास्तही सोडू नये, पण त्यातला सुंदर भाग बिंब बुडाल्यावर सुरू होतो. (वातावरणातल्या वक्रीभवनामुळे क्षितिजाला टेकलेलं बिंब प्रत्यक्षात आधीच खाली गेलेलं असतं!) त्यानंतर माथ्यावर उतरणारी गडद निळाई नुसत्या प्रकाश विखुरण्यामुळे नसते. तिरप्या किरणांचा ओझोनच्या थरातून लांबचा प्रवास होतो आणि ओझोन त्यातला नारिंगी-पिवळा भाग शोषून घेतो. १९५३ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ हलबर्ट यांनी हे दाखवून दिलं. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळपास सरळ खाली जातो, त्यामुळे हा संधिप्रकाश २२-२५ मिनिटांतच आटोपतो. ट्रायपॉड आधीच लावलेला हवा.

आणि याच वेळी दुपारी नकोसा वाटलेला ओलावा कामाला येतो. दीपगृहाची फ्रेनेल भिंगं (पहिलं १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात बसलं) प्रकाश गोळा करून क्षितिजाकडे पाठवतात. तो झोत बाजूने आपल्याला दिसतो, तो केवळ वाटेतल्या कणांनी त्यातला थोडा प्रकाश आपल्याकडे वळवला म्हणून. अगदी कोरड्या, स्वच्छ हवेत नुसता दिवा चमकतो, झोत दिसत नाही. फिरत्या झोतासाठी शटर ३० सेकंद उघडं ठेवलं तर सगळं पुसट पंख्यासारखं पसरतं. एक-दोन सेकंदांत झोताच्या कडा बऱ्याच टिकतात. शटर दाबण्याआधी दिव्याच्या दोन झळाळ्यांमधलं अंतर घड्याळात मोजावं. प्रत्येक दीपगृहाचा ठेका वेगळा ठेवलेला असतो, खलाशांना ते ओळखता यावं म्हणून.