सेबा

कॅरिबियन समुद्राच्या ईशान्य कोपऱ्यातील, नेदरलँड्सच्या अखत्यारीतले एक लहान ज्वालामुखी बेट. क्षेत्रफळ १३ चौ. किमी.; लोकसंख्या सुमारे दोन हजार. लेसर अँटिलीस द्वीपमालेच्या उत्तर टोकाशी, सिंट मार्टेनच्या नैर्ऋत्येस सुमारे ४५ किमी. आणि सिंट युस्टेशियसच्या वायव्येस सुमारे २७ किमी. अंतरावर ते वसले आहे. स्पेलिंग (Saba) पाहून आपल्याकडे ‘साबा’ असे लिहिले जाते. बेटावरची माणसे ‘सेबा’ म्हणतात. राजवट डच असली, तरी घरात, शाळेत आणि कचेरीत चालते ती इंग्रजी.

सेबाला गलबते सुखरूप राहतील अशी खाडी नाही, कायम वाहणारा ओढा नाही आणि बारमाही पुळणही नाही. समुद्रातून कडे सरळ वर गेलेले दिसतात. त्यामुळे या बेटाच्या इतिहासात राजांच्या आणि लढायांच्या नोंदींपेक्षा एक साधी अडचण जास्त वजनदार ठरते: किनाऱ्याला लागायचे कसे आणि उतरवलेला माल वर गावात न्यायचा कसा.

भूरचना : सेबा म्हणजे समुद्राच्या तळापासून उठलेल्या एका ज्वालामुखीचा पाण्याबाहेर राहिलेला माथा. अटलांटिकचे भूपट्ट कॅरिबियन भूपट्टाखाली सरकते, त्यामुळे द्वीपमालेत ज्वालामुखींची जी ओळ तयार झाली तिचे हे उत्तरेकडचे टोक. मधले शिखर माउंट सीनरी ८८७ मी. उंच आहे. २०१० पासून सेबा नेदरलँड्स देशाचाच भाग धरला जातो आणि त्यामुळे या सपाट देशाचे सर्वोच्च ठिकाण आता कॅरिबियनमध्ये आहे. त्याआधी तो मान ३२२ मी. उंचीच्या एका टेकाडाकडे होता. युरोपीय वस्ती होण्याच्या थोडेच आधी शेवटचा उद्रेक झाला असावा, असे राखेच्या व दगडांच्या थरांवरून मानतात. ज्वालामुखी झोपलेला आहे, मेलेला नाही. किनाऱ्यालगत गरम पाण्याचे झरे आजही आहेत आणि भूकंपमापक यंत्रे बसवलेली आहेत. ईशान्येला लाव्हा समुद्रापर्यंत वाहत येऊन थिजला, त्याचा एक जरा सपाट ओटा झाला. हा फ्लॅट पॉइंट. बेटावरची जवळपास एकमेव सपाट जागा, आणि विमानतळ तिथेच आहे हे ओघानेच आले.

वर जावे तसे हवामान बदलते. खालच्या उतारांवर निवडुंग आणि खुरटी झुडपे, मधे आंबा-केळीची परसे, आणि साधारण ८०० मी.च्या पुढे ढगांत बुडालेले जंगल: वृक्षनेचे, खोडांना लटकलेले शेवाळ, फांद्यांवर वाढणारी, अननसाच्या कुळातली ब्रोमेलियाडे. माथ्यावर ‘माउंटन महोगनी’ म्हणून ओळखली जाणारी झाडे होती. खऱ्या महोगनीशी त्यांचा संबंध नाही. १९९८च्या ‘जॉर्जेस’ चक्रीवादळात त्यांतली मोठी झाडे मोडून पडली आणि सावली गेल्यावर खालचे रान बराच काळ बदलून गेले. रानटी शेळ्यांचा उपद्रव त्याहून जुना. त्या उतारावरची रोपे मुळापासून खातात, माती सुटते, आणि मोठ्या पावसात ती घळींतून थेट प्रवाळांवर जाऊन बसते.

सर्वांत जुनी माणसे : बेटाच्या वायव्य भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मी. वर, प्लम पीस नावाच्या जागी सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीच्या मुक्कामाच्या खुणा मिळाल्या आहेत. द्वीपवासी लोक किनाऱ्यावर मासळीवर जगत असणार, असा साधारण समज असतो. इथे मात्र सापडले ते डोंगरी खेकड्यांचे अवशेष आणि शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याची हाडे. हा पक्षी कड्यांतल्या बिळांत अंडी घालतो, म्हणजे माणसे हंगाम साधून वर येत असावीत. पुढच्या काळातल्या मातीची भांडी वापरणाऱ्या लोकांची वस्ती स्प्रिंग बे आणि केल्बीज रिज या भागांत होती.

वसाहतीचा काळ : कोलंबसाला हे बेट नोव्हेंबर १४९३ मध्ये दुरून दिसले असे मानतात, तो उतरला नाही. १६३२ मध्ये गलबत फुटून काही इंग्रज इथे पोचले. १६४०च्या सुमारास सिंट युस्टेशियसवरून डचांनी माणसे आणून वस्ती केली. १६६५ मध्ये इंग्रज लुटारूंनी बेट घेतले. त्यानंतर झेंडा वारंवार बदलत राहिला, तो १८१६ पासून डचांचाच राहिला. बचावाची एक युक्ती नेहमी सांगितली जाते: पायवाटांच्या वर फळ्यांच्या आधाराने दगडांचे ढीग रचून ठेवायचे आणि शत्रू चढू लागला की आधार काढून घ्यायचा. १६८९ मध्ये फ्रेंचांचा हल्ला परतवला गेला. बेटाचा आकार पाहिला, तर या युक्तीला तोफांची फारशी गरज नव्हती हे कोणालाही पटेल.

ऊस आणि नीळ यांचे मळे होते, पण लहान. उतारावर मोठा मळा उभा राहतच नाही. मळे लहान म्हणून गुलामगिरी नव्हती असे नाही. डच वसाहतींत ती १ जुलै १८६३ रोजी संपली. मळ्यांतून भागत नसल्याने लोक हातच्या कसबांकडे वळले. १७०१ मध्ये येऊन गेलेल्या लाबा या फ्रेंच धर्मोपदेशकाने इथे जोडे शिवण्याचा धंदा सर्वत्र चालतो, अशी नोंद केली आहे. पुढे पुरुष खलाशी झाले. द बॉटम या गावात १९०९ मध्ये नौकानयनाची शाळा निघाली आणि तिथून शिकलेले तरुण दूरच्या जहाजांवर अधिकारी म्हणून गेले. विसाव्या शतकात क्युरासाव आणि अरुबा इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांनी आणखी माणसे ओढून नेली. गावांत बायका, मुले आणि म्हातारी माणसे उरली.

घर चालवणाऱ्या या बायकांनी जो धंदा उभा केला तो म्हणजे सेबाची लेस. मूळ काम व्हेनेझुएलातल्या काराकास इथल्या कॉन्व्हेंटमधले. तिथे शिकलेल्या मेरी गर्ट्रूड जॉन्सन यांनी ते १८७०च्या दशकात बेटावर आणले. म्हणून जुन्या बायका त्याला ‘स्पॅनिश वर्क’ म्हणत. कापडावर वरून भरतकाम करण्याचा हा प्रकार नव्हे. आधी लिननच्या कापडातून मोजून उभे किंवा आडवे धागे ओढून काढायचे, मग उरलेल्या धाग्यांचे सुईने झुबके बांधायचे, आणि गाठींनी त्यांतून फुले, चक्रे, कोळ्याची जाळी उभी करायची. एक धागा चुकीचा ओढला की पट्टी तिरपी होते. तो परत घालता येत नाही, पूर्ण तुकडा वाया जातो. टपालाची सोय झाल्यावर बायकांनी अमेरिकेतून येणाऱ्या मालावरचे कंपन्यांचे पत्ते उतरवून घेतले आणि तिकडच्या गिऱ्हाइकांना नमुने धाडायला सुरुवात केली. रस्ता नसलेल्या बेटावरून टपालाने चाललेला हा व्यापार होता. माल इतका हलका की तो पायऱ्या उतरवून नेणे सहज जमे. हा मुद्दा लेसच्या कौतुकात सहसा सुटतो.

पायऱ्या, रस्ता, धावपट्टी : पश्चिमेच्या लॅडर बे इथे कड्यात खोदलेल्या सुमारे ८०० पायऱ्या आहेत. ‘लॅडर’ हेच त्यांचे नाव. गलबत थोडे दूर थांबे, माल वल्ह्यांच्या होडीत उतरे, होडी लाट पाहून खडकांकडे आणली जाई आणि कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली माणसे ती धरून ठेवत. लाटेचा अंदाज चुकला की होडी आडवी होऊन खडकावर आपटे. नंतर सर्व काही डोक्यावर किंवा खांद्यावर: पिठाची पोती, लाकूड, कपाटे, पियानोसुद्धा. दक्षिणेच्या फोर्ट बेलाही असेच उतरावे लागे. वारा कुठून आहे यावर दोन्हींतली जागा ठरे.

वर गेल्यावर पहिले गाव लागते ते द बॉटम. नाव ‘तळ’, पण गाव समुद्रापासून सुमारे २५० मी. उंच. वाडगा या अर्थाच्या डच शब्दावरून नाव पडले असे सांगतात, आणि चारी बाजूंनी टेकड्या असल्याने ते शोभतेही. बाकीची गावे सेंट जॉन्स, विंडवर्डसाइड आणि झायन्स हिल. या शेवटच्याला पूर्वी हेल्स गेट, म्हणजे नरकाचे दार म्हणत. ते नाव चर्चला खटकले. मेरीज पॉइंट या कड्याजवळच्या पाचव्या वस्तीतल्या लोकांना १९३४ मध्ये द बॉटममध्ये हलवण्यात आले.

रस्ता होणे अशक्य, असे डच अभियंत्यांचे मत होते, ही गोष्ट बेटावर प्रत्येकाला पाठ असते. जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल यांनी टपालाने स्थापत्याचा अभ्यासक्रम केला आणि गावकऱ्यांना घेऊन १९३८ मध्ये काम हाती घेतले. यंत्रे नव्हती. दगड फोडणे, वाहणे, बांध रचणे हे हातांनी. फोर्ट बे ते द बॉटम हा पहिला तुकडा १९४३ मध्ये पुरा झाला, पहिली जीप १९४७ मध्ये उतरली आणि विंडवर्डसाइडला रस्ता पोचला तो १९५१ मध्ये. बाहेरच्या अंगाला दगडी कठडा, वर काँक्रीटचा थर. काँक्रीटला पर्याय नव्हता. इतक्या उतारावर मातीचा रस्ता पहिल्याच मोठ्या पावसात घळीत गेला असता. आज टोकापासून टोकापर्यंत सुमारे १४ किमी. भरणाऱ्या या रस्त्याला नुसते ‘द रोड’ म्हणतात. दुसरा असा नाहीच.

विमानाची कथा त्याच धर्तीची. शेजारच्या सेंट बार्थेलेमीचे वैमानिक रेमी द हानेन यांनी फ्लॅट पॉइंट हेरला, लोकांनी हातांनी धोंडे हटवले आणि ९ फेब्रुवारी १९५९ रोजी तिथे पहिले विमान उतरले. १९६३ मध्ये विमानतळ सुरू झाला. धावपट्टी अवघी ४०० मी.; नियमित व्यापारी उड्डाणे होणाऱ्या धावपट्ट्यांत ती जगात सर्वांत आखूड गणली जाते. दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र, एका बाजूला डोंगर. लांबीइतकाच त्रास वाऱ्याचा: डोंगरावरून येणारा वारा गुंडाळत खाली येतो आणि कड्याच्या तोंडाशी विमान दाबले जाते. म्हणून थोड्या अंतरात उतरू शकणारी १९ आसनी ‘ट्विन ऑटर’ विमाने मुख्यतः इथे येतात, खास प्रशिक्षण घेतलेल्या वैमानिकांसह. चाके टेकताच पंख्यांच्या पात्यांचा कोन उलटा करून वेग मारतात. टोकांवर रंगवलेली मोठी फुली इतर विमानांना हा तळ बंद असल्याचे सांगते. सिंट मार्टेनहून उड्डाण साधारण १२ ते १५ मिनिटांचे. फोर्ट बेचा धक्का मात्र १९७२चा. म्हणजे बेटाला विमान आधी मिळाले आणि बोटीसाठी धक्का नंतर.

पाणी आणि वीज : घरे पांढरी, खिडक्यांच्या झडपा हिरव्या, छपरे लाल. हे सुरेख दिसते, पण छपराचे मुख्य काम पाणी गोळा करण्याचे. पन्हळीतून पाणी घराखालच्या किंवा लगतच्या टाक्यात जाते. पहिल्या सरीचे पाणी टाक्यात न घेता सोडून द्यावे. त्यात पक्ष्यांची विष्ठा, पाने, कधी ज्वालामुखी असलेल्या शेजारच्या बेटावरून आलेली राख असते. टाक्याला तडा गेला की तो कळतो उशिरा, बहुधा कोरड्या महिन्यांत. समुद्राचे पाणी गोडे करण्याची सोय झाली आहे, पण वरच्या घरांना ते चढवून पोचवणे महागच. २०१८-१९ मध्ये दोन सौर प्रकल्प आणि बॅटऱ्या बसल्यावर बेटाची साधारण ४० टक्के वीज उन्हावर भागू लागली. तेही डिझेल वाहून आणण्याचे ओझे कमी करण्यासाठीच.

समुद्र : किनाऱ्याभोवतीचे पाणी उच्च भरतीरेषेपासून ६० मी. खोलीपर्यंत १९८७ पासून सागरी उद्यान आहे. त्याचा खर्च बऱ्याच अंशी बुडी मारायला येणाऱ्या पाणबुड्यांकडून घेतलेल्या शुल्कातून निघतो. नांगर टाकण्याऐवजी कायमच्या बोयांना होड्या बांधतात, कारण एक नांगर ओढला गेला तर शंभर वर्षांचे प्रवाळ मोडते. तळातून उठलेले काही सुळके पृष्ठभागाखाली २७-३० मी.वर थांबतात, ते पाहण्याच्या नादात पाणबुड्याला खोलीचे भान राहत नाही आणि वर येताना घाई होते. वेल्स बे इथली पुळण साधारण एप्रिल-मेमध्ये प्रकटते आणि हिवाळ्यातल्या उत्तरेच्या लाटांबरोबर निघून जाते. वरच्या कड्यातून दगड सुटतात म्हणून तिथे कड्याच्या पायथ्याशी बसू नये.

नैर्ऋत्येला काही किलोमीटरवर सेबा बँक हा २,००० चौ. किमी.हून मोठा बुडालेला प्रवाळपठार आहे. शेवंड आणि लाल स्नॅपर यांच्यावर इथल्या कोळ्यांचे पोट चालते. तेलवाहू जहाजे पूर्वी इथे नांगर टाकून पाळीची वाट पाहत. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने हे क्षेत्र अतिसंवेदनशील ठरवले आणि नांगर टाकण्यास बंदी आली. शेवंड आणि मासे पकडण्याचे हरवलेले पिंजरे हे दुसरे दुखणे: दोर तुटला तरी पिंजरा तळाशी वर्षानुवर्षे मासे मारत राहतो. पिंजऱ्याच्या एका बाजूला कुजून गळून पडणारी झडप लावायची, हा त्यावरचा उपाय.

शासन : २००४च्या सार्वमतात सुमारे ८६ टक्के मतदारांनी नेदरलँड्सशी थेट संबंध निवडले. १० ऑक्टोबर २०१० रोजी नेदरलँड्स अँटिलीस (कॅरिबियनमधल्या डच बेटांचा संघ) विसर्जित होऊन सेबा नेदरलँड्सची विशेष नगरपालिका झाली. बेटाच्या परिषदेत पाच सदस्य असतात. १ जानेवारी २०११ पासून चलन अमेरिकी डॉलर; युरो नाही, आणि बेट युरोपीय संघाच्या हद्दीतही येत नाही. द बॉटममधले वैद्यकीय महाविद्यालय १९९०च्या दशकापासून चालू आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या भाड्यावर अनेक घरांचे हप्ते फिटतात.

भेट देणाऱ्यांसाठी : माउंट सीनरीवर विंडवर्डसाइडकडून १,०६४ पायऱ्या आहेत, चढायला साधारण दीड तास. शेवाळलेल्या पायऱ्यांवर घसरण्याचा धोका चढताना असतोच, उतरताना जास्त. दुपारपर्यंत माथा ढगात जातो, तेव्हा सकाळीच निघावे. परतीचे विमान गाठायचे असेल तर मध्ये एक मोकळा दिवस ठेवावा: आडवा वारा असला की विमान उतरत नाही, आणि दक्षिणेकडून उसळी आली की फोर्ट बेला बोट बांधता येत नाही. दोन्ही एकाच आठवड्यात घडले, की दुकानांतली भाजीची फळी आधी रिकामी होते.