आधी श्वास, मग जखम : अपघातग्रस्तांच्या शुश्रूषेची पार्श्वभूमी

श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ क्रमांकाचा आणि गुजरातमधील हजिऱ्याहून ओडिशातील पारादीपला जाणारा ५३ क्रमांकाचा, असे दोन राष्ट्रीय महामार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पा खुला झाल्यावर त्यात आणखी एका वेगवान रस्त्याची भर पडली. त्यामुळे मेडिकल आणि मेयो या शहरातील सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात येणारा जखमी केवळ शहरातला नसतो. तो भंडारा, गोंदिया, गडचिरोलीचा असतो आणि मध्य प्रदेशातील सिवनी, छिंदवाडा, बालाघाटचाही असतो. ट्रॉली आत आली की डॉक्टरांच्या बरोबरीने, आणि गर्दीच्या वेळी त्यांच्याही आधी, त्याच्यापाशी पोहोचते ती परिचारिका. ती काय पाहते, कोणत्या क्रमाने पाहते आणि तोच क्रम का, याला सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात रणांगणावर झाली. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक जाँ लारे याने अठराव्या शतकाच्या अखेरीस जखमींना लढाई चालू असतानाच उचलून आणणाऱ्या हलक्या घोडागाड्या सुरू केल्या आणि उपचाराचा क्रम हुद्द्यावरून न ठरवता जखमेच्या गांभीर्यावरून ठरवला. ज्याचा जीव आधी जाईल त्याच्याकडे आधी पाहायचे, हे तत्त्व आजही अपघात विभागाचा पाया आहे.

१८५४ साली क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या, तेव्हा तेथे जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक सैनिक मरत होते. त्यांच्या स्वच्छतेच्या आग्रहाची आणि आकडेवारीची ओळख सर्वांना आहे. मात्र १८५९ साली त्यांनी शुश्रूषेवर लिहिलेल्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणाला एक संपूर्ण प्रकरण दिले, ही गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. रुग्ण कसा आहे असे विचारल्यावर ‘बरा आहे’ एवढे उत्तर पुरेसे नसते. त्याने किती खाल्ले, किती वेळ झोपला, श्वास कसा चालला आहे, हे नेमके सांगता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पाठीला पडलेल्या जखमेचा दोष आजाराला न देता बहुतेक वेळा शुश्रूषेलाच द्यावा लागतो, असेही त्यांनी स्पष्टपणे लिहिले. पुढच्याच वर्षी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले आणि निरीक्षण हा शिकवण्याचा विषय झाला.

नागपुरात १८६२ पासूनचे मेयो आणि १९४७ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सर्वांच्या तोंडचे ‘मेडिकल’, या दोन संस्थांभोवती रुग्णसेवेची परंपरा वाढली. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदाही १९४७ सालचाच असून त्याने प्रशिक्षणाला देशभर एक किमान दर्जा दिला. तरीही जखमीला नेमके कोणत्या क्रमाने तपासावे, याची एकसारखी पद्धत तेव्हा कोठेच नव्हती, जगातही नव्हती.

ती पद्धत घडली एका अपघातातून. १७ फेब्रुवारी १९७६ रोजी जेम्स स्टायनर हे अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सक स्वतः चालवत असलेले छोटे विमान नेब्रास्कातील शेतात कोसळले. त्यांची पत्नी जागीच गेली आणि चारपैकी तीन मुले गंभीर जखमी झाली. मुलांना जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेल्यावर तेथे मानेच्या मणक्याचीही काळजी घेतली जात नसल्याचे त्यांना दिसले. उपचार करणाऱ्यांच्या इच्छेत कमतरता नव्हती. कशानंतर काय करायचे हेच त्यांना कोणी शिकवले नव्हते. स्टायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत परिचारिकाही होत्या, जखमीला क्रमाने तपासण्याचा पहिला अभ्यासक्रम १९७८ साली नेब्रास्कातच घेतला आणि १९८० साली ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ या शल्यचिकित्सकांच्या संघटनेने तो स्वीकारला. आधी मान स्थिर ठेवून श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, मग मेंदूची स्थिती आणि शेवटी कपडे काढून संपूर्ण अंगाची तपासणी, हा इंग्रजी आद्याक्षरांवरून ओळखला जाणारा ‘ए, बी, सी, डी, ई’चा क्रम आज परिचर्या महाविद्यालयांत शिकवला जातो. या क्रमामागचे कारण साधे आहे. श्वासमार्ग बंद झाला तर माणूस काही मिनिटांत जातो. मोडलेले हाड कितीही भयंकर दिसले तरी सहसा तेवढ्या घाईने जीव घेत नाही. १९८६ साली अमेरिकेतील आपत्कालीन परिचारिकांच्या संघटनेने खास परिचारिकांसाठी याच धर्तीचा अभ्यासक्रम आणला.

पुढे युद्धांतील अनुभवामुळे या क्रमाच्याही आधी एक पायरी आली : रक्त उसळून वाहत असेल तर प्रथम ते दाबून धरायचे. २०१० साली ४० देशांतील २०,२११ जखमींवरील चाचणीने ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारे स्वस्त औषध लवकर दिल्यास मृत्यू कमी होतात हे दाखवले. हे औषध पहिल्या तीन तासांतच द्यावे लागते, म्हणून अपघाताची वेळ नातेवाइकांना विचारून लिहून ठेवणे हे परिचारिकेचे काम उपचाराचाच भाग झाले आहे.

मूल्यमापन वेगळे आणि ‘बेसिक केअर’ वेगळी, असे विद्यार्थिनींना अनेकदा वाटते. तसे नाही, हे मणक्याच्या दुखापतीची शंका असलेल्या रुग्णाला कुशीवर वळवताना दिसते. एक सिस्टर डोके आणि मान दोन्ही हातांनी धरून ठेवते, तिघे जण खांदा, कंबर आणि पाय धरतात आणि डोके धरणारीच्या ‘एक, दोन, तीन’वर सर्व जण त्याला एखाद्या ओंडक्यासारखे एकत्र वळवतात. त्या अर्ध्या मिनिटात पाठीवरची जखम शोधली जाते, मणक्यावरून बोट फिरवले जाते, ओली चादर सरकवून कोरडी घातली जाते आणि माकडहाडावरची त्वचा लाल झाली आहे का हेही पाहिले जाते. जुन्या पद्धतीत अशा लाल जागेला स्पिरिट लावून चोळत असत. चोळल्याने खालच्या पेशींना अधिक इजा होते हे कळल्यापासून ते थांबले आणि नियमाने कूस बदलण्यावर भर आला. अंगावर पुन्हा पांघरूण घालणे हीदेखील केवळ मायेची गोष्ट नाही, कारण शरीर थंड पडले की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते आणि रक्तस्राव वाढतो.

मेंदूच्या स्थितीचे मोजमाप या साऱ्यात मला सर्वांत जवळचे वाटते. १९७४ साली ग्लासगो येथील ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी शुद्धीचे मोजमाप प्रसिद्ध केले. त्यापूर्वी ‘अर्धवट शुद्धीत’ किंवा ‘गुंगीत’ असे शेरे लिहिले जात आणि प्रत्येक जण त्यांचा अर्थ आपल्या परीने लावत असे. या दोघांनी तीनच गोष्टी घेतल्या : डोळे कशाने उघडतात, बोलणे कसे आहे आणि हातापायांची हालचाल कशी आहे. आज डोळ्यांना ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे जास्तीत जास्त १५ गुण होतात, तर किमान ३. दर तासाला वेगवेगळ्या पाळीतल्या वेगवेगळ्या परिचारिकांना तेच मोजमाप सारखेच घेता यावे, हा या साधेपणामागचा हेतू होता. टीसडेल यांनी १९७५ साली परिचारिकांच्या नियतकालिकातही त्यावर लिहिले. केवळ बेरीज लिहून चालत नाही, तिन्ही गुण वेगवेगळे लिहावे लागतात, कारण १० गुणांचे दोन रुग्ण एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे असू शकतात.

बोलण्याचे पाच गुण भाषेवर अवलंबून असतात आणि नागपुरात हा मुद्दा रोज समोर येतो. बालाघाटकडून आणलेल्या एखाद्या जखमीला मराठीत आणि मग हिंदीत ‘आप कहाँ हो’ असे विचारल्यावर तो गोंधळल्यासारखे उत्तर देतो, तेव्हा तक्त्यावर व्ही-४, म्हणजे बोलण्याचे चार गुण, पडतात. रात्रपाळीची सिस्टर दारातल्या नातेवाइकाला आत बोलावते आणि तोच प्रश्न गोंडीत विचारायला सांगते. जखमी डोळे उघडून गावाचे नाव सांगतो, दवाखान्यात असल्याचे सांगतो, बैल कुठे आहे तेही विचारतो. ती व्ही-५ लिहिते आणि पुढच्या पाळीच्या सिस्टरसाठी बाजूच्या रकान्यात टीप ठेवते : ‘गोंडीत विचारावे.’