हरळी, वाफसा आणि ऑस्ट्रेलियाचा दौरा

हरळी म्हटलं की परभणी-जालन्याकडच्या शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. खोल नांगरट करा, काशा (जमिनीखाली पसरणारी तिची खोडं) वेचून बांधावर वाळत टाका; मृगाचा पाऊस पडला की ती पुन्हा हजर. हीच हरळी ऑस्ट्रेलियात कसोटीच्या खेळपट्टीवर मुद्दाम लावतात आणि खत-पाणी घालून सांभाळतात. तिकडे तिला 'काउच' म्हणतात. वाण निवडक असतात, पण कूळ तेच. परदेशात आपल्या फलंदाजांची जी तारांबळ उडते, तिचा बराचसा उलगडा या मुळांत आणि त्यांच्या खालच्या मातीत आहे.

ती मातीही आपल्याला अनोळखी नाही. मेलबर्नच्या खेळपट्ट्यांची मेरी क्रीकची माती म्हणजे बेसॉल्ट खडकापासून झालेली काळी चिकणमाती. गोदाकाठची भारी जमीनही बेसॉल्टचीच लेक. दोन्हींत स्मेक्टाइट गटातली खनिजं असतात. त्यांच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, निघालं की आकसते. एप्रिल-मेमध्ये रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. ऑस्ट्रेलियात खेळपट्टीच्या मातीत चिकण 50 टक्क्यांच्या वर असते, इंग्लंडात साधारण 25 ते 35 टक्के. चिकण जितकी जास्त तितकी उसळी जास्त, पण माती नीट दाबलेली असेल तरच.

दाबायची वेळ ओळखणं हीच खरी कारागिरी. शेतात आपण मूठभर मातीचा लाडू वळून खाली टाकतो. फुटून भुगा झाला तर वाफसा आला, म्हणजे ओल मशागतीला योग्य झाली, कुळव घाला. न फुटता तसाच राहिला तर थांबा. वाफसा येण्याआधी ट्रॅक्टर घातला तर चाकाखाली माती दडपते आणि पुढे पीक बसून राहतं. खेळपट्टी तयार करणाऱ्या क्युरेटरला नेमकं तेच दडपण हवं असतं. त्यामुळे ज्या ओलीवर शेतकरी ट्रॅक्टर बांधावर उभा ठेवतो, साधारण त्याच ओलीवर क्युरेटर रोलर बाहेर काढतो. आधी पाणी खोलवर मुरवायचं, मग हलका रोलर, आणि माती सुकत जाईल तसं वजन वाढवत दीड-दोन टनांपर्यंत न्यायचं. घाई झाली तर माती रोलरला चिकटते, पुढे लाटेसारखी सरकते आणि मुळं तुटतात. उशीर झाला तर वरचा दोन बोटांचा थर कडक होतो आणि खाली मऊच राहतं. मग एक चेंडू छातीवर येतो, पुढचा घोट्यावर.

इथे हरळी कामाला येते. ऊन आणि वारा फक्त वरचं पाणी ओढतात. मुळं खालचं ओढतात. त्यामुळे पट्टी वरपासून खालपर्यंत सारखी सुकते. मुळं नसतील तर वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. सामन्याआधी गवत काही मिलिमीटरवर कापतात, पण मुळांची जाळी माती धरून ठेवते. म्हणून आपल्याकडे तिसऱ्या दिवशी हात फिरवणारा फिरकीपटू तिकडे वाट बघत बसतो.

भेगांचा बाऊ मात्र फार होतो. भेगेच्या कडा टणक असतील तर चेंडू सहसा सरळच येतो. कडा झिजून ढासळायला लागल्या की धोका.

इंग्लंडात हरळीऐवजी रायगवत, थंड हवा आणि रेंगाळणारी ओल. त्यात ड्यूक्स चेंडूच्या शिवणीच्या सहाही ओळी हाताने घातलेल्या, म्हणून शिवण बराच वेळ उभी राहते. ऑस्ट्रेलियात वापरतात त्या कुकाबुरा चेंडूच्या मधल्या दोनच ओळी हाताच्या. वीस-पंचवीस षटकांत शिवण बसते. ढग आले की दमट हवेने स्विंग, म्हणजे चेंडूचं हवेत वळणं, वाढतो, हे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकतो. पवनबोगद्यातल्या (विंड टनेलमधल्या) प्रयोगांत दमटपणाचा असा परिणाम दिसलेला नाही.

आता आकडे बघा. ताशी 140 किलोमीटरचा चेंडू हातातून सुटल्यावर फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदात येतो. फलंदाजाच्या 6 मीटर पुढे टप्पा पडला तर उरतात सुमारे 0.2 सेकंद, आणि डोळ्यांनी पाहून हात वळवायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे टप्प्यानंतर काय होणार याचा अंदाज सवयीनेच बांधावा लागतो. चेंडू फक्त अर्धा अंश वळला तरी 6 मीटरवर 5 सेंटिमीटर सरकतो. बॅटची रुंदी जास्तीत जास्त 10.8 सेंटिमीटर, म्हणजे मधोमध लागणारा चेंडू थेट कडेवर. उसळीचा कोन 3 अंशांनी वाढला तर चेंडू तीसेक सेंटिमीटर वर येतो. 19 डिसेंबर 2020 ला अ‍ॅडलेडला गुलाबी चेंडूवर भारत 36 धावांत संपला, तेव्हा पाच जण यष्टिरक्षक टिम पेनकडे झेल देऊन परतले. खेळपट्टी राक्षसी नव्हती. हिशेब असा अर्ध्या-एक अंशाचाच होता.

सवय घरी लावता येते, थोडीफार. टप्प्याच्या जागी संगमरवरी फरशी ठेवून ओला टेनिस बॉल 16 यार्डांवरून फेकला की उसळी आणि वेग दोन्ही मिळतात. मुरमाड मैदानावर मॅटिंग टाकत असाल तर ती चारही बाजूंनी खिळे ठोकून ताणा. ढिली राहिली तर चेंडू मध्येच थबकतो आणि हात चुकीचं शिकतात. फरशीवर शिवण मात्र काही करत नाही. त्यासाठी सरावाच्या एका पट्टीवर गवतच हवं. बांधावर फेकलेल्या काशा मृगात लावल्या तर दिवाळीपर्यंत दाट गालिचा होतो. फक्त भोवती चांगला खोल चर खणा, नाहीतर शेजारचा शेतकरी भांडायला येईल.